तेरणेची रांग

आमच्या शेजारच्या अंगणात सागाचं एक झाड आहे. वर्षभर त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. माघ लागला की त्याची पानं सुटायला लागतात. वाळलेलं पान पापडासारखं कडक आणि सुपाएवढं मोठं. ते आमच्या न्हाणीच्या पत्र्यावर पडलं की कुणीतरी एक पाऊल टाकल्यासारखा आवाज येतो. एकच पाऊल. मग आपण उगीचच दुसऱ्या पावलाची वाट बघत बसतो.

धाराशिवात या दिवसांत हवा कोरडी असते, ओठ फुटतात, दुपारी रस्त्यावर कडब्याच्या गाड्या दिसायला लागतात. मी आता इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा असतात. मुलं पानाचा छेद घेत असतात आणि मी खिडकीतून बाहेर बघत असते. बाहेर पानं गळत असली की मला झाडूंचा आवाज ऐकू येतो. एकाच वेळी सुरू होणारे आणि एकाच वेळी थांबणारे सात झाडू.

तो आवाज ज्या वर्षी ऐकला, त्या वर्षीची पानगळ माझ्या मनातून गेलेली नाही. इतरांना आपल्या आयुष्यातला एखादा पावसाळा आठवतो, एखादी मे महिन्याची सुट्टी आठवते. मला ते सहा आठवडे आठवतात.

येडशी सोडून येरमाळ्याकडे निघालं की आत वळणाऱ्या एका रस्त्याला एका आध्यात्मिक संस्थेची जागा आहे. संस्थेचं नाव मी लिहीत नाही. रस्त्यावरून फक्त झाडांचे शेंडे दिसतात. आजूबाजूला मुरूम, कुसळी गवत, तुरळक हिवर आणि बाभळी, आणि मधेच हा दाट पट्टा. आसपासचे लोक त्याला ‘बन’ म्हणतात. एसटी तिथून जायला लागली की आई जागा बदलायची. खिडकीतली असली तरी उठून पलीकडे जाऊन बसायची. लहानपणी मला वाटायचं, तिला त्या बाजूचं ऊन लागतं.

त्या बनात माझी मावशी होती. आईची एकुलती एक थोरली बहीण.

हे सगळं मला मोठी झाल्यावर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. मावशी बारावीला चांगले गुण मिळवून पास झाली आणि तिनं लातूरला शिक्षिकेच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज केला. प्रवेश मिळाल्याचं पत्र पोस्टानं घरी आलं, ते आईच्या हातात पडलं. आई तेव्हा चौदा वर्षांची होती. ताई गेली तर आपण घरात एकट्या पडणार, म्हणून तिनं ते पाकीट ज्वारीच्या कणगीत खोल खुपसून ठेवलं. दोन-चार दिवसांनी काढू म्हणाली, मग काढायची भीती वाटली. उन्हाळ्यात कणगी रिकामी झाली तेव्हा पाकीट सापडलं. मुदत कधीच संपली होती. आजोबांनी लगेच एक स्थळ पक्कं केलं. मावशी साखरपुड्याच्या आधी एके सकाळी उठून बनात निघून गेली आणि परत आली नाही. पाकीट कुणी लपवलं होतं हे घरात कुणाला कळलं नाही. उंदरांनी ओढून नेलं असेल, असं आजी म्हणाली.

मग पत्रं सुरू झाली. वर्षातून दोन. शाईच्या पेननं, उभ्या टपोऱ्या अक्षरात. मी बरी आहे, झाडं बरी आहेत, रिठ्याला घोस लागले आहेत. माघातल्या पत्राबरोबर रिठ्यांची एक छोटी पुरचुंडी यायची. आई त्याच रिठ्यांनी केस धुते. मी सातवीत असताना आईनं धीर करून पाकिटाची सगळी हकिगत मावशीला लिहून कळवली. उत्तर यायला फार वेळ लागला, आणि आलं ते एवढंसं होतं. ‘तू लहान होतीस. मी केव्हाच माफ केलं आहे. मनात ठेवू नकोस.’ ते पत्र आईनं दागिन्यांच्या डब्यात ठेवलं. दागिने फारसे नाहीत. डबा जास्त करून त्या पत्राचाच आहे.

मी एम.एस्सी. होऊन घरी बसले होते तेव्हा बनातून आमच्या सरांकडे विचारणा झाली. झाडांच्या पाट्या नव्या करायच्या होत्या, त्यांवर लॅटिन नावं हवी होती आणि बनाचा छोटासा इतिहास मराठीत आणि इंग्रजीत लिहून हवा होता. सरांनी माझं नाव सुचवलं. जिथे तोंड उघडावं लागत नाही असं काम हिच्यासाठीच आहे, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. खरंच होतं ते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मराठीत बोललं की दंड आणि घरी इंग्रजीत बोललं की हसू, त्यामुळे मी दोन्हीकडे कमी बोलायला शिकले.

बॅग भरताना आई माझ्या शेजारी बसून राहिली होती. नातेवाइकांनी बनात येऊ नये असा नियम नव्हता, पण आई कधी गेली नव्हती. एकदा उत्सवाला फाटकापर्यंत जाऊन परत आली होती.

“तिला काही विचारू नकोस,” ती म्हणाली. “नुसती बघून ये. आणि मला खरंच माफ केलंय का, तेवढं बघ. तोंडावरून कळतं माणसाच्या.”

मग थोड्या वेळानं म्हणाली, “डावरी आहे ती. आजोबांनी महिनाभर हात बांधून ठेवला होता, तरी सवय मोडली नाही. म्हणजे ओळखशील तू.”

बनाचा इतिहास मला पहिल्याच दिवशी व्यवस्थापक काकांनी सांगितला. ते कळंबचे निवृत्त शिक्षक होते. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहिल्यासारखं. संस्थेचे मोठे महाराज इथे आले तेव्हा टेकडीवर एक झाड नव्हतं. विहिरीला मार्चनंतर पाणी नसायचं. त्यांनी बैलगाडीतून रोपं आणली, मुरमात पहारीनं खड्डे घेतले आणि झाडांच्या सात रांगा लावल्या. पाणी नव्हतं म्हणून रांगांना नद्यांची नावं दिली. गंगा, यमुना, गोदा, कृष्णा, मांजरा, सीना आणि शेवटची तेरणा. प्रत्येक रांगेला एक साधक बाई. तिनं पाणी घालायचं, आळी करायची, पानं लोटायची. रांगेचं नाव तेच तिचं नाव. घरचं नाव फाटकाबाहेर ठेवायचं.

“इतक्या वर्षांत इथलं एकही झाड मेलेलं नाही,” काका म्हणाले. “दुष्काळातसुद्धा. हे वाक्य इतिहासात पहिलं यायला पाहिजे.”

मी ते वहीत लिहून घेतलं.

आणि मावशी भेटली. तेरणेच्या रांगेच्या टोकाला, बेहड्याखाली, पाठमोरी उभी होती. पांढरं लुगडं, कमरेला खोचलेला पदर, रापलेले हात. मी जवळ जाऊन उभी राहिले. मला पहिलं वाक्य कधीच सुचत नाही. तिनंच वळून पाहिलं.

“आलीस का माय. चिठ्ठीत लिवलं होतं तुझ्या आईनं. गुडगा कसाय तिचा? वाकता येतंय का आता?”

मी वाकून पाया पडले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. उजवा हात. आश्रमानं सवय मोडली असेल, असं मला वाटलं.

बनात दुपारी बारापर्यंत मौन असायचं. मला ते फार बरं वाटलं. काका म्हणायचे, आमचं मौन बारापर्यंत, या मुलीचं चोवीस तास, हिला दीक्षा काय द्यायची. उजाडलं की सात रांगांत सात झाडू सुरू व्हायचे. पानं इतकी पडलेली असायची की जमीन दिसायची नाही. साग, धावडा, मोह, सालई, सगळे उघडे पडत होते. झाडू एकाच तालात चालायचे आणि कुणी काही खूण न करता एकदम थांबायचे. त्यानंतरची शांतता मला कधी सरावली नाही. रिकाम्या फांद्यांतून पानं पडतच असायची. पाठीमागे कुणीतरी एक पाऊल टाकलं, असं वाटून मी वळायची. कुणी नसायचं.

पाट्या लिहायच्या आधी मला अक्षर शिकावं लागलं. बनाचं स्वतःचं एक अक्षर आहे. उभं, टपोरं, शिरोरेघ आधी ओढून घेऊन मग खाली लटकवलेलं. नवी बाई आली की तिला पडवीत पाटी देऊन बसवतात आणि तिचं आधीचं अक्षर पुसलं जाईपर्यंत कित्ता गिरवायला लावतात. मलाही चार दिवस गिरवायला लावलं. पाचव्या दिवशी मी आईला चार ओळी लिहिल्या आणि पाकिटावरचा पत्ता बघून दचकले. तो पत्ता मी लहानपणापासून पाहत आले होते. आमच्याकडे येणाऱ्या सगळ्या पत्रांवर तोच असायचा, असाच.

दुपारी आम्ही रांगेत बसायचो. मावशी रिठे सोलायची, मी झाडांची मापं घ्यायची. मला शिवणीचं लॅटिन नाव येत होतं, शिवण हे नाव तिनं शिकवलं. तिला आमच्या घरचं सगळं माहीत होतं. आईचं ऑपरेशन, बाबांची बदली, माझं दहावीतलं आजारपण. एकदा मी सहज विचारलं की तुम्हाला लहानपणी घरातलं कुठलं झाड आवडायचं. ती माझ्याकडे बघत राहिली. जसं आपण वाचता-वाचता पान उलटावं आणि पुढचं पान कोरं निघावं. मग म्हणाली, “लई वरीस झाले माय.” आणि पुन्हा रिठे सोलू लागली.

मला जे वाटलं ते मी तिथेच मनात दाबलं. मला सवय आहे त्याची.

तिसऱ्या आठवड्यात मी तेरणेच्या रांगेतल्या शिवणीपाशी आले. जुन्या पाटीवर लिहिलं होतं, लागवड पहिल्या वर्षीची. झाड माझ्या मनगटाएवढं होतं. जास्तीत जास्त सहा-सात वर्षांचं. पाट्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून मी पुढे गेले. मग एक अंजन, मग एक कुसुंब. दुसऱ्या रांगांतही तेच. गुडघ्याएवढं रोप आणि त्याच्यासमोर आजोबांच्या वयाची पाटी. मी चुकांची यादी केली आणि काकांना नेऊन दिली. मला वाटलं, ते खूश होतील.

काकांनी यादी वाचली, घडी केली आणि खिशात ठेवली. झाड वाळलं तर त्याच दिवशी, त्याच खड्ड्यात, त्याच जातीचं रोप लावायचं, असा मोठ्या महाराजांचा दंडक होता. नंबर तोच, पाटी तीच. नोंद करायची नाही.

“म्हणजे जुनं झाड मेलं,” मी म्हणाले. माझ्या तोंडून इतकं सरळ वाक्य क्वचित निघतं.

“तेरणेतलं मागच्या वर्षीचं पाणी आज आहे का?” काका शांतपणे म्हणाले. “म्हणून कुणी तेरणा मेली म्हणतं का?”

त्यांच्या आवाजात फसवणूक नव्हती. त्यांना ते मनापासून पटलेलं होतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. मी मग विचारलं, तेरणाताई इथे कधीपासून आहेत?

“मी आलो तेव्हा तेरणाताई होत्याच,” ते म्हणाले.

बाहेर वारा सुटला होता. सागाची पानं ऑफिसच्या दारातून आत येत होती, फरशीवर खरडत. मी ती बघत राहिले. काका उठून दार लोटायला गेले तेव्हा मी इतिहासासाठी म्हणून रांगेच्या वह्या मागून घेतल्या.

प्रत्येक रांगेची वही असते. रोज संध्याकाळी दोन ओळी. तिथी, कोणत्या झाडाला पाणी दिलं, कुठे पालवी, कुठे वाळवी. तेरणेच्या वह्या एका लोखंडी पेटीत होत्या. सगळ्या एकाच अक्षरात. पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी ठेवलं तरी एकाच बाईनं एकाच बैठकीत लिहिल्यासारखी. मावशी बनात आली त्या वर्षाची वही मी उजेडाकडे धरली. प्रत्येक ओळीवर निळसर झाक होती, उजवीकडे ओढलेली. शाई ओली असताना लिहिणाऱ्या हाताची कड तिच्यावरून घासत गेली होती. डाव्या हाताची.

मी वह्या चाळत गेले. झाक वर्षानुवर्षं होती. बसून-बसून माझे पाय बधिर झाले. मग एका माघाचं पान आलं. वद्य पंचमी. ‘अंगात कणकण. रिठ्याला पाणी उद्या.’ खाली निळी झाक, नेहमीपेक्षा फिकट. त्याच्या खालची ओळ वद्य षष्ठीची. ‘रिठ्याला पाणी दिलं.’ तेच अक्षर, तीच शिरोरेघ. स्वच्छ. त्या ओळीपासून पुढे शाई कुठेही फिसकटलेली नव्हती.

मी वर्ष बघितलं. मी तेव्हा सहा वर्षांची होते.

दुसऱ्या दिवशी मौन सुटल्यावर मी रांगेत गेले. तेरणाताई आळ्यात बसून पानं दाबत होती. मी तिच्यासमोर वही उघडून धरली आणि षष्ठीच्या ओळीवर बोट ठेवलं. मला काही विचारावं लागलं नाही.

तिनं हात झटकले. “ही म्या न्हाय लिवली,” ती म्हणाली. “मधी आजून एक होती.”

ती स्वतः उमरग्याकडची. आठ-नऊ वर्षांपूर्वी आलेली. माझ्या मावशीला तिनं पाहिलंही नव्हतं. मधल्या बाईकडून तिनं जे ऐकलं होतं ते सांगितलं. मावशी पहाटे गेली. खालच्या ओढ्याला नेलं. दुपारी दुसऱ्या बाईच्या हातात घागर आली, संध्याकाळी वही आली आणि पेटी आली. पेटीत आईची पत्रं होती. राख झाडांनाच घातली, रांगेतल्या आळ्यांत, इथे तशीच रीत आहे. मी रिठ्याच्या झाडाला टेकून बसले होते. सरळ झाले.

“तुम्ही मला पहिल्या दिवशीच का नाही सांगितलं?”

“तू पाया पडलीस,” ती म्हणाली. “तवा कसं न्हाय म्हणू?”

पत्रांचंही तसंच होतं. रांगेच्या बाईनं जे-जे करायचं त्यात आईला वर्षातून दोनदा लिहिणं होतं, पाण्यासारखं, आळ्यांसारखं. त्यात खोटं काही आहे असं तिला वाटत नव्हतं. आईचं पत्र आलं की ती आदली सगळी पत्रं पुन्हा वाचायची, मग उत्तर लिहायची. तिनं पेटी आणली. पत्रं क्रमानं बांधलेली होती, सुतळीच्या गाठी नीट. तिनं मधलं एक न चुकता काढलं. त्याच्या घड्या इतक्या मऊ झाल्या होत्या की कागद फडक्यासारखा लोंबत होता. आईचं पाकिटाचं पत्र.

“हे मधलीनं लई दिस उशाला ठिवलं होतं म्हणं. काय लिवावं कळंना तिला. काकांना इचारलं, ते म्हणले रांगेचं काम हाय, तूच बघ. मंग तिनं जेवण सोडलं दोन दिस. मंग लिवलं.”

“आणि माझी मावशी काय म्हणाली असती?”

तेरणाताईनं पत्राची घडी घातली. घाई केली नाही. “ते आता कुणाला ठावं माय,” ती म्हणाली.

मी त्या मधल्या बाईचं खरं नाव विचारलं. तिला माहीत नव्हतं. तीही गेली होती. शिवणीचं नवं रोप लावलं त्याच्या आदल्या वर्षी.

उरलेले दिवस मी खाली मान घालून काम केलं. पाट्यांवर नावं लिहिली, लागवडीचं वर्ष लिहिलं नाही. काका म्हणाले, वर्ष राहिलं. मी म्हणाले, माहीत नसलेलं लिहिणार नाही. एवढं ठाम मी आयुष्यात कुणाला काही बोलले नव्हते. इतिहासही दिला, चार पानांचा. एकही झाड मेलं नाही हे वाक्य त्यात घातलं नाही. त्यांनी छापताना घातलं असेल.

निघताना तेरणाताईनं रिठ्यांची पुरचुंडी दिली. मी घेतली. नाही म्हणता आलं नाही.

येडशीपर्यंतच्या बसमध्ये मी फक्त एक आकडा मोजत होते. मावशी गेली तेव्हा मी सहा वर्षांची. आईनं पाकिटाचं लिहिलं तेव्हा बारा. माफीचं पत्र लिहिणाऱ्या बाईनं लातूर पाहिलं नव्हतं, कणगी पाहिली नव्हती, माझ्या आईला पाहिलं नव्हतं. रस्त्याकडेला पळस फुलले होते. एकही पान नसलेल्या काळ्या फांद्यांवर ती नारिंगी फुलं मला त्या दिवशी जखमांसारखी दिसली.

आई दारातच उभी होती. मी चप्पल काढेपर्यंत तिनं धीर धरला.

मावशी गेली आहे, हे मी सांगितलं. तिच्या जागी दुसरी बाई पत्रं लिहीत होती, हेही सांगितलं. आई खाली बसली. पाणी मागितलं, प्यायली नाही. मग तिनं तेच विचारलं जे ती विचारणार हे मला बसमध्येच कळलं होतं.

“कधी गेली?”

माझ्या डोळ्यांसमोर दागिन्यांचा डबा होता. मी म्हणाले, माघ वद्य षष्ठी. आणि वर्ष सांगितलं. माफीचं पत्र आलं त्याच्या पुढचं वर्ष. सात वर्षं मी एका वाक्यात मावशीला जास्त जगवली. आईला लक्षात राहावं म्हणून कागदावर लिहून दिलं, तेव्हा माझ्या हातानं शिरोरेघ आधी ओढली. अक्षर बनाचं आलं. अजूनही फळ्यावर कधीकधी तसंच येतं आणि मी ते पुसून पुन्हा लिहिते.

“म्हणजे पत्र तिचंच,” आई म्हणाली. डोळ्याला पदर लावला आणि कितीतरी वेळानं, अगदी हळू, हसली.

शाईबद्दल मी एक शब्द बोलले नाही. पहिली पत्रं फिसकटलेली आणि नंतरची स्वच्छ, हे आईनंही पाहिलेलं होतं. तिला वाटायचं, ताईचं अक्षर सुधारलं.

तेव्हापासून दर माघात आई एक पान वाढून ठेवते. वरण-भात, शेपूची भाजी, गुळाची पोळी. तिथी खरी आहे. ती कावळ्याला हाक मारते तेव्हा मी स्वयंपाकघरात काहीतरी शोधत असते. बनात असताना मी मनगटाएवढ्या झाडांसमोर उभी राहून ज्या लोकांना नावं ठेवली, त्यांच्यासारखंच मी एक रोप त्याच खड्ड्यात लावलं, आणि पाटी जुनीच ठेवली. रोपानं मूळ धरलं. आई एसटीत आता जागा बदलत नाही. त्या वळणाला खिडकीतून हात जोडते. हे बघितलं की मला बरं वाटतं आणि त्याच क्षणी पाठीवरून काहीतरी सरकतं.

एका मासिकानं ऋतूंवर लिहायला सांगितलं म्हणून या वर्षी हे लिहायला घेतलं. पानगळीवर दोन पानं लिहीन, झाडं, झाडू, पळस, असं ठरवलं होतं. लिहिताना वर्षं लिहायची वेळ आली आणि हात थांबला. आई मासिकं वाचते. जाहिरातींसकट वाचते. म्हणजे एकतर हे लिहायचं नव्हतं, किंवा तिला आधी द्यायचं होतं.

परवा दुपारी मी तिला इथपर्यंतचे कागद दिले आणि समोर बसून राहिले. उठून जायची फार इच्छा होती. ती सावकाश वाचत होती. मधे एकदा चष्मा पुसला. वद्य षष्ठीपाशी थांबली, मागचं पान पुन्हा काढून वाचलं, बोटांवर काहीतरी मोजलं. माझ्याकडे बघितलं नाही. वाचून झालं तेव्हा कागद नीट एकावर एक ठेवले, आत गेली आणि डबा घेऊन आली.

तिनं पत्र खिडकीपाशी नेलं. अक्षरांवरून तळहाताची कड फिरवली, डावीकडून उजवीकडे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मग कड उलटी करून पाहिली. मग ते पुन्हा वाचलं. एवढंसं पत्र, पण पहिल्यांदाच आल्यासारखं, एकेक शब्द थांबून. मला वाटलं, ती रडेल किंवा मला बोलेल. मी दोन्हीची तयारी केली होती.

“दोन दिवस जेवली नाही म्हणालीस?” तिनं विचारलं.

मी मान हलवली.

आई पत्राकडे बघत राहिली.

“हिचं तर मी काहीच बिघडवलं नव्हतं गं,” ती म्हणाली.